सव्वा मूठ

लोटननानाचं हृदय निकामी होत चाललंय ही बातमी मला मिळाली तेव्हा मी जळगावच्या भाजीबाजारात भरताची वांगी निवडत होतो, आणि आनंदाच्या भरात मी एक निर्दोष वांगं परत ढिगात ठेवून दिलं. बातमी देणारी ऋतिका मुंबईहून बोलत होती. मला जिथे पंप बसवला त्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधली माणूस म्हणून ती काम करते. तिचा आवाज गोड आहे आणि वाईट बातमीसाठी ती तो बदलत नाही. "सर, एक रिक्वेस्ट होती. तुमच्याच भागातले एक पेशंट आहेत, सध्या धुळ्याला अॅडमिट आहेत. हार्ट खूपच वीक झालंय, पंपाशिवाय इलाज नाही, आणि ते पंपाला नाही म्हणतायत. पंप घेऊन नीट जगणारं कुणी समोर बसून बोललं की फरक पडतो. तुम्ही जाल का?" मी नाव विचारलं. "लोटन पाटील. तुम्हीही पाटीलच, पण तुमच्याकडे सगळेच पाटील असतात ना सर?" मी म्हटलं, हो, जवळजवळ सगळेच. तो माझा सख्खा चुलत भाऊ आहे हे मी तिला सांगितलं नाही. "का नाही म्हणतायत ते?" मी विचारलं, आणि माझा आवाज मला परक्या माणसाच्या काळजीसारखा सभ्य वाटला. ऋतिका थोडी हसली. "तेच कळत नाही. सगळं ऐकून घेतात, आणि शेवटी एकच विचारतात, नाडी लागेल का? आम्ही खोटं कसं सांगणार? नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करतात." मी फोन खिशात ठेवला. भाजीवाली म्हणाली, "काका, घेताय की नुसतं पाहताय?" मी भलतीच जास्त वांगी घेतली. घरी आम्ही दोघंच.

नाडीचं आधी सांगायला हवं. माझ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या तळाशी एक पंप बसवलेला आहे. तो धडधडत नाही, फिरतो. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या डबीला लागते, डबीला दोन बॅटऱ्या, त्या मी खांद्यावरच्या पिशवीत घेऊन हिंडतो. निजताना वायर भिंतीतल्या विजेला. माझी सगळी नोकरी वीज खात्याच्या तक्रारीच्या टेबलावर गेली. लाइट कधी येईल, असं अख्ख्या तालुक्याने मला विचारलं, आणि मी ठरलेल्या शांत आवाजात "काम चालू आहे" एवढंच सांगत आलो. आता तोच प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि तेच उत्तर देतो. तर हा पंप रक्त ठोक्याठोक्याने ढकलत नाही, नळाच्या धारेसारखं सलग सोडतो, म्हणून माझ्या मनगटाला नाडी लागत नाही. छातीला कान लावला तर लांबवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर ऐकू येते. मेघाने, म्हणजे माझ्या बायकोने, एक कार्ड छापून प्लास्टिकमध्ये बंद करून माझ्या वरच्या खिशात ठेवलंय: "या व्यक्तीला नाडी लागणार नाही. व्यक्ती जिवंत आहे. कृपया घाई करू नये." शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. मी चक्कर येऊन रस्त्यात पडलो तर लोक उचलून थेट भलतीकडे नेतील, अशी तिला भीती वाटते. कार्डाची गरज पडली ती मात्र रस्त्यात नाही. पडली ती आमच्याच गावी, आमच्याच घरी, आमच्याच देवीसमोर, आणि तिथे ते कुणी वाचलं नाही.

आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. भाऊबंद असतील तिथून गावी येतात आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, त्याच गव्हाचे रोट होतात, आणि ते रोट फक्त त्या भाऊबंदांनी खायचे. लेक सासरी गेली की तिचा वाटा संपला. ज्याची मूठ त्या ढिगात नाही तो त्या घरचा नाही, त्याची बायकोही नाही. आमच्या भाऊबंदांत आणखी एक रीत आहे. मूठ ज्याने त्याने आपली आपण भरायची नाही. सगळ्यांत थोरला सुपासमोर बसतो, एकेकाचं मनगट धरतो, त्याचा हात गव्हात बुडवतो आणि नाव घेतो. पहिली पूर्ण मूठ, मग वर चिमूट, की झाली सव्वा. थोरला म्हणजे लोटननाना. आणि शेवटी थोरल्याचा हात त्याच्या पाठच्याने धरायचा. पाठचा म्हणजे मी. वर्षातून एकदा नानाचं मनगट माझ्या हातात यायचं आणि त्याच्या नावाची मूठ माझ्यामुळे पडायची. लहानपणापासून त्याने मला दिलेला हा एकच अधिकार, तोही त्याने दिलेला नव्हता, वयाने दिलेला होता. तर पंप बसवल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात माझी पाळी आली. मी खाली बसलो, पिशवी मांडीवर घेतली. नानाने माझं मनगट दोन बोटांनी धरलं, मेलेलं झुरळ उचलतात तसं, आणि क्षणभर बोटं तशीच ठेवून सोडून दिलं. "हातमा नाडीच नही शे," तो म्हणाला. कुणीतरी हसलं. त्याला विनोद वाटला. नाना हसला नाही. "दखा ना कोनी बी. हाऊ मशिनवर चाली राह्यना. आपला रोट जित्ता माणसंसना शे." मी खिशातलं कार्ड काढलं. आजही आठवलं की अंगभर खाज सुटते. भाऊबंदांच्या पंगतीत मी जिवंत असल्याचा प्लास्टिकमधला पुरावा पुढे धरून बसलो होतो, आणि नानाने पुढच्याला खुणावलं होतं. पुढचा झिपरू, आमचा तिसरा भाऊ. तो माझ्या गुडघ्यावरून ओलांडून पुढे सरकला. शेवटी नानाचा हातही झिपरूनेच धरला, आणि "लोटननी सव्वा मूठ" हे तो इतक्या जोरात ओरडला की जणू इतकी वर्षं त्याचाच गळा दाबून ठेवला होता. दारात उभ्या बायकांत मेघा होती. तिने पदर सारखा केला, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली. आम्ही जळगावला येऊन खिचडी टाकली. जेवताना ती एवढंच म्हणाली, "मीठ कमी झालंय का?" मीठ बरोबर होतं.

लोकांचा राग ठोक्याठोक्याने येतो. मध्ये उसंत असते, त्या उसंतीत माणूस विसरतो, चहा पितो, माफ करून टाकतो. माझा राग त्या दिवसापासून सलग वाहतोय. दाढी करताना, पोटाच्या वायरीभोवतीची पट्टी मेघा बदलत असताना, बँकेच्या रांगेत, तो आपला एका गतीने फिरत असतो. मी बेत खूप केले. नानाला भर लग्नात विचारायचं, नाना, तुझ्या डोक्यात कुठे नाडी लागते? किंवा गावात घोषणा देऊन दुसरी कानबाई बसवायची, फक्त माझी आणि मेघाची. एकदा तर मी बेत केला की मरून दाखवायचं, आणि मग त्याच्या लक्षात आलं असतं की आधी मी जिवंत होतो. या बेतातला दोष मला दुसऱ्या दिवशी कळला. त्याच्या रागाचं मूळ नाडीत नव्हतं हे मला माहीत होतं. मूळ होतं वावरात. पंपासाठी मी माझ्या वाट्याचं वावर विकलं, गावाबाहेरच्या माणसाला. नानाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं आणि मी मेलो असतो, रीतसर. "वावर इकीसन मोटार बसाडी," असं तो गावभर सांगत फिरला. आमच्याकडे विहिरीवर मोटार बसवतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते लगेच दिसायचं. मोटार माझ्यात गेली आणि विहीर दुसऱ्याकडे. त्या विहिरीत नानाने मला पोहायला शिकवलं होतं. तो काठाच्या दगडावर पालथा पडायचा, माझं मनगट धरून मला पाण्यावर लोंबकळत ठेवायचा आणि वरून विचारायचा, "सोडू?" मी काही म्हणायच्या आत सोडायचा. हिरव्या पाण्यात खाली जाताना कानात जी घरघर व्हायची ती आता मला रोज ऐकू येते. मग तोच हात खाली यायचा, तेच मनगट पकडायचा, वर ओढायचा. मी खोकत असताना तो म्हणायचा, "मरना का? नही ना?" त्याच्या मते हे शिक्षण होतं. पंप बसवल्यावर पोहणं बंद झालं, विहीर तर आधीच गेली होती, तरी मनगटावरची ती पकड राहिली होती. ती दोन बोटांवर आली, एवढाच फरक.

मेघाला मी ऋतिकाचा फोन सांगितला तेव्हा ती भरतासाठी मिरच्या भाजत होती. खोकल्यातूनच तिने विचारलं, "मग? जाणार?" मी म्हटलं, जायला हवं. "वाचवायला जाताय की मारायला, तेवढं आधी सांगा. डबा त्याप्रमाणे भरते." मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही, भाकरी दोन्हीकडे चालेल. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गाडी मेघा चालवते, मी बॅटऱ्यांची पिशवी घेऊन शेजारी बसतो आणि मागच्या सीटवर जादा बॅटऱ्या पट्टा लावून बसतात. एरंडोल गेलं, पारोळा आलं, कापसाच्या गाड्यांमागून आम्ही हळूहळू सरकत होतो आणि मी हिशेब करत होतो. काहीच न करणं हा उत्तम सूड होता, हे मला भाजीबाजारातच दिसलं होतं. नानाने भाऊबंदांसमोर कायदा केला, नाडी नाही तो जित्ता नाही. आता पंप घेतला तर स्वतःच्याच कायद्याने तो पंगतीतून उठतो. म्हणून तो पंप घेत नाही, म्हणून तो मरेल. मला बोटसुद्धा लावायचं नव्हतं. मी फक्त उशिरा पोचलो तरी पुरे. इतका स्वच्छ सूड कुणाच्या वाट्याला येतो? पण पारोळ्याच्या पुढे मला त्यातली खोट दिसायला लागली. मेलेल्या माणसाचं आमच्याकडे फार चांगलं चालतं. नानाचा फोटो लागेल, हार लागेल, पितृपक्षात त्याला भात आणि मला पान वाढायचं काम. तो शेवटच्या ठोक्यापर्यंत नाडीवाला राहून जाईल, आणि माझा खटला ऐकणारं कुणी उरणार नाही. शिवाय घरात मयत झालं की त्या वर्षीच्या श्रावणात रोटच बसायचा नाही. नाही, नानाला मरू देणं म्हणजे त्याला सोडणं होतं. त्याने जगायला हवं. दीर्घकाळ, नीट, पथ्य पाळून, कमरेला डबी लावून आणि मनगटात काही नसताना जगायला हवं, आणि दर श्रावणात सुपासमोर येऊन बसायला हवं. मी एकटाच हसलो असेन, कारण मेघा म्हणाली, "ठरलं वाटतं." मी म्हटलं, वाचवायचं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गिअर बदलला. "एवढा राग आहे?" ती म्हणाली.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात नाना खिडकीजवळच्या खाटेवर उशा रचून बसवलेला होता, कारण आडवं झालं की त्याला दम लागत होता. पाय सुजून केळीच्या खुंटासारखे झाले होते. माणूस अर्धा झाला होता, फक्त हात तसेच होते, मोठे, गाठींचे, चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखे. मला पाहून त्याने आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "त्यास्नी तुले धाडं का?" तो म्हणाला. "मुंबईवालास्ले दुसरा कोनी भेटना नही?" मी त्याच्याशी नेहमी घरची अहिराणीच बोलतो. त्या दिवशी मी मुद्दाम तक्रारीच्या टेबलावरची मराठी काढली. तो सुडाचा पहिला हप्ता होता. "कसं वाटतंय नाना? तुम्ही विश्रांती घेताय ना?" त्या "तुम्ही"ने तो इंजेक्शन टोचल्यासारखा आक्रसला. वच्छलावहिनी खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. मेघा त्यांच्याशेजारी जाऊन बसली, आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले, ज्यासाठी त्यांनी माझी परवानगी घ्यायला हवी होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी समजाडा यास्ले. मूठभर गहूसपायी मरी राह्यनात." नाना भिंतीकडे पाहत म्हणाला, "तू चूप बस." "कसाले चूप बसू? इतला वरीस चूप बसनू म्हनीसन आते विधवा व्हऊ का?" वहिनींचा आवाज चढला नाही, त्या भाजीचा भाव सांगावा तशा बोलल्या. "सांगाले गयात, नाडी नही तो मानूस नही. आते भोगा. मन्हा दीर आनि मन्हा नवरा, दोन्ही बी येडा." मेघा म्हणाली, "माझ्या वेड्याची बॅटरी तरी बदलता येते वहिनी." त्या दोघी हसल्या. आम्ही दोघं हसलो नाही. एवढ्यापुरते आम्ही एका पक्षाचे होतो.

मग नाना विचारायला लागला, आणि विचारताना माझ्याकडे पाहायचा नाही, पिशवीकडे पाहायचा, जणू उत्तर तीच देणार होती. दुखस का? दुखलं, आता नाही. रातले झोप लागस का? लागते, वायर ताणली जाऊ नये म्हणून एका कुशीवर. आंग धोवाले जमस का? डबी प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमतं, विहिरीत उडी मारता येत नाही. विहिरीवर मी थोडा थांबलो. तोही थांबला. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी स्टीलचं भांडं पाडलं, ते बराच वेळ वाजत राहिलं. लाइट गयी त? बॅटरी असते. बॅटरी गयी त? दुसरी असते. ती बी गयी त? "तर काम चालू आहे," मी म्हटलं, आणि नानाच्या ओठांचा कोपरा हलला, कारण माझ्या नोकरीची ही चेष्टा मुळात त्याचीच होती. शेवटी तो त्या प्रश्नाला आला. "आनि नाडी?" मी म्हटलं, "नाही लागत." "जराशी बी?" "नाही नाना." खोटं बोलायचा मोह मला झाला होता. पण खरं सांगण्यात जास्त मजा होती. त्याने डोळे मिटले. मग न उघडताच हात पुढे केला आणि म्हणाला, "आन."

मी मनगट दिलं. या वेळी त्याने दोन बोटांनी धरलं नाही. पूर्ण पंज्याने धरलं, विहिरीवर धरायचा तसं, आणि अंगठा दाबून ठेवला, बुडणाऱ्याने काठाचा दगड दाबावा तितक्या जोराने. मी त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. दाबून नख पांढरं झालं होतं. आणि मला त्या अंगठ्यात काहीतरी जाणवलं. घाबरलेलं, एक चुकवून दोन टाकणारं, पळणारं, अडखळणारं. नानाने डोळे उघडले. "शे," तो म्हणाला. "लागस. लागस रे भूपा. बारीक शे, पन शे." वहिनींनी देवाचं नाव घेतलं. त्याचा अंगठा त्याच्याच रक्ताने उडत होता, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. कुणाचीही नाडी अंगठ्याने पाहू नये, आपलीच आपल्याला लागते, हे मला माझ्या ऑपरेशननंतर ऋतिकाने शिकवलं होतं, कारण मीही सुरुवातीला असाच स्वतःला चाचपत बसायचो आणि फसून आनंदी व्हायचो. आता तो माझ्या मनगटात स्वतःचा शेवटचा जोर मोजत होता आणि तो मला बहाल करत होता. मी एक शब्द बोललो असतो तर हात गळून पडला असता, तो भिंतीकडे वळला असता, आणि फोटो, हार, भात. मी बोललो नाही. त्याच्या कायद्यातून सुटायची फट त्याला त्याच्याच अंगठ्याने काढून दिली होती, आणि मला हवं होतं की त्याने त्या फटीतून पूर्ण आत जावं. "गेल्या सालले मी नीट पाहं नही," तो खालच्या आवाजात म्हणाला. ही माफी होती की सबब, मला ठरवता आलं नाही. दोन्ही मी नाकारल्या असत्या. तो वहिनींना म्हणाला, "कुंदनले फोन लाव. त्याले सांग, बाप मुंबईले जाई राह्यना." कुंदन त्यांचा मुलगा. वहिनी फोन लावायला उठल्या, तेव्हा मेघाने माझ्याकडे पाहिलं. तिला अंगठ्याचं माहीत होतं. माझी पट्टी रोज तीच बदलते.  परतीच्या वाटेवर, पारोळ्याजवळ, ती म्हणाली, "त्यांना कळेल तेव्हा?" मी म्हटलं, तेव्हासाठीच.

ते त्याला उन्हाळ्यात कळलं. मुंबईचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, तो उठून बसला होता, वहिनी बॅटरी बदलायला शिकल्या होत्या. ऋतिकाने माझे इतके आभार मानले की मला स्वतःविषयी गैरसमज व्हायची वेळ आली. मग एका सकाळी नानाचा फोन आला. आवाजात आता धाप नव्हती ही पहिली गोष्ट मला जाणवली. किती वर्षांनी तो वाक्य एका श्वासात संपवत होता. "भूपा, तुन्हा हातमा लागनी व्हती. मन्हा हातमा काबरं लागत नही? सकायपासून दखी राह्यनू." मी खुर्ची ओढून बसलो. या फोनची मी वाट पाहिली होती, त्यासाठी वाक्यं घासून पुसून ठेवली होती. ती सगळी तोंडातून बाहेर पडायच्या आधीच मला जुनी वाटली. मी साधंच सांगितलं. "नाना, तो तुमचाच अंगठा होता. तुम्हाला तुमचीच लागली."   पलीकडून, कान दिला तर, अगदी लांबून घरघर. त्याची, की माझी? "तुले तव्हय माहीत व्हतं?" तो म्हणाला. मी म्हटलं, हो. त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही. माझा राग काही क्षण कुठल्याशा वळणावर अडल्यासारखा झाला, आणि मग पुन्हा नेहमीच्या गतीने वाहायला लागला.

श्रावणात मी आणि मेघा गावी गेलो. बोलावणं आलं नव्हतं. आमच्याकडे कानबाईला बोलावणं येत नाही, जो त्या घरचा तो येतो. नाना आधीच सुपासमोर बसला होता, स्वच्छ टोपी, कमरेला डबी, शेजारी पिशवी. कानबाईच्या रोषणाईचा जो बोर्ड होता त्यालाच आम्हा दोघांच्या जादा बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या आणि देवीच्या माळेबरोबर त्यांचेही हिरवे दिवे लुकलुकत होते. भाऊबंद नेहमीपेक्षा जास्त आले होते. गेल्या वर्षीचा कायदा सगळ्यांना पाठ होता आणि तो बनवणारा आता काय करतो, हे पाहायला कोण येणार नाही? नानाने एकेकाचं मनगट धरायला सुरुवात केली. त्याच्या हातात आता कुणाचीही नाडी लागली तर ती त्याचीच असायची भीती नव्हती. माझी पाळी आली. मी पिशवी मांडीवर घेतली, हात पुढे केला. त्याने तो पूर्ण पंज्याने धरला, गव्हात बुडवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "भूपेंद्रनी सव्वा मूठ." कुणी हसलं नाही. दारातल्या बायकांत मेघा उभी होती, तिने पदर सारखा केला, आणि या वेळी ती चपलांकडे गेली नाही. इथे सगळं संपायला हवं होतं. पंचवीस माणसांसमोर माझी मूठ ढिगात पडली होती, माझा खटला मी जिंकलो होतो. पण मग झिपरू, त्याचं पोरगं, बाकीचे, असं करत रांग संपली आणि शेवटी उरला नानाचा हात.

तो माझ्यासमोर आला. नानाने स्वतःच पुढे केला, तळवा वर करून. झिपरू उगीच जरासा पुढे सरकला होता, त्याच्याकडे मी एकदा पाहिलं, तो मागे सरकला. मी नानाचं मनगट धरलं आणि अंगठा बरोबर जागेवर ठेवला. काहीच नव्हतं. माझ्या अंगठ्यातही काही नव्हतं, त्यामुळे चूक व्हायची सोयच नव्हती. माझ्या आयुष्यात एवढी पूर्ण शांतता मी कधी हातात धरली नव्हती.  बाहेर गाणी म्हणणाऱ्या बायकाही थांबल्या. नाना माझ्याकडे पाहत होता. डोळ्यांत विनवणी नव्हती, तेवढा तो लोटननाना होताच. पण टोपीखाली कपाळावर घाम आला होता. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्याचंच होतं, मी फक्त परत करायचं होतं. ते माझ्या जिभेवर वर्षभर निजलेलं होतं. आता मला हेही कळलं की ते मी म्हणणार नाही. त्याची मूठ मी घालणारच होतो. पण ते फक्त मला माहीत होतं, त्याला नाही, आणि हा फरक मला एवढ्यात सोडवेना. वेळ जात राहिला. आत चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला. झिपरू न राहवून म्हणाला, "काय व्हयनं भूपा?" "काम चालू आहे," मी म्हटलं. माझ्या वरच्या खिशात मेघाचं कार्ड होतं, त्याचा कोपरा छातीला टोचत होता. मी पुढे वाकलो, इतका की मला त्याची घरघर ऐकू आली आणि त्याला माझी, आणि वरून, काठावरच्या दगडावरून विचारावं तसं, हळूच म्हटलं, "सोडू?"

तो विहिरीवर हे विचारायचा तेव्हा उत्तराची वाट पाहायचा नाही. मी त्याचं मनगट धरून वाट पाहत बसलो.